अभयवीर मानेसरला जातो

इंद्रजित मुळीकला उंचीची भीती वाटायची, हे देशातल्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं. दर रविवारी सकाळी तो टीव्हीवर इमारतींच्या गच्च्यांवरून झेपा घ्यायचा. निळा अंगरखा, छातीवर सोनेरी तळहाताचं चिन्ह, मागे फडफडणारा शेला. प्रत्यक्षात नोएडाच्या स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर तो जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवर तारांना लटकलेला असायचा, डोळे घट्ट मिटून रामरक्षा पुटपुटत. दिग्दर्शक ओरडायचा, "मुळीकजी, आँखें खोलिए, आप उड़ रहे हैं!" मग तो डोळे उघडायचा, हसायचा आणि उडायचा.

त्याचे वडील हणमंत मुळीक साताऱ्याकडचे. दिल्लीत कोपर्निकस मार्गावर महाराष्ट्र राज्याचं जुनं अतिथिगृह आहे, तिथल्या स्वयंपाकघरात त्यांनी उभं आयुष्य काढलं. मागच्या बाजूला नोकरांच्या खोल्या होत्या. तिथे इंद्रजित वाढला. आई शेवंता दुपारची निवांत झाली की दिल्लीत आलेले साहेबलोक मागच्या दाराने येऊन हळूच विचारायचे, "वहिनी, पिठलं आहे का?" मुलगा साहेबांच्या नकला करायचा. कोण गाडीतून कसा उतरतो, कोण शिपायाकडे न बघता बॅग कशी पुढे करतो, हे सगळं त्याने करून दाखवलं की स्वयंपाकघरात हसून हसून मुरकुंडी वळायची. शेजारचा सगळा परिसरच नाटकवाल्यांचा. कॉलेजात जायच्या वयात पोरगा तालमींना जाऊ लागला, आणि सहा फूट उंची, खर्जातला आवाज आणि हिंदीवरची पकड एवढ्या भांडवलावर एका निर्मात्याने त्याला 'अभयवीर' केलं.

मालिका तीन वर्षं चालली. प्रत्येक भागाच्या शेवटी अभयवीर उजवा हात वर करायचा, पाचही बोटं मोकळी, तळवा समोर, आणि म्हणायचा, "हाथ उठाओ, डर भगाओ!" त्याबरोबर घराघरांत पोरं हात वर करायची. लाजपतनगरच्या बाजारात तो दिसला की दुकानदारसुद्धा तराजू सोडून हात वर करत. वृंदाशी त्याचं लग्न ठरलं तेव्हा पुण्याला तिच्या घरी बघायला आलेल्या गर्दीने दाराची कडी मोडली होती. वृंदा बँकेत अधिकारी. ती नंतर म्हणायची, "मी माणसाशी लग्न केलं, पण वरात मात्र अभयवीराची निघाली."

मग मालिका संपली, आणि अभयवीर काही इंद्रजितला सोडेना. तो दुसऱ्या भूमिका मागायला गेला की लोक प्रेमाने चहा पाजायचे आणि म्हणायचे, "आपका चेहरा तो बच्चों का है, मुळीकजी." एकदा त्याला कारकुनाचं काम मिळालं. चित्रीकरणाच्या वेळी बघ्यांतली पोरं हात वर करून ओरडायला लागली. संध्याकाळी दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पुढे मग वाढदिवस, मॉलची उद्घाटनं, शाळांची स्नेहसंमेलनं. तेही आटलं तेव्हा त्याने नोएडाच्या एका शाळेत नाटक शिकवायची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत केली. मयूर विहारच्या सोसायटीतला फ्लॅट वृंदाच्या नोकरीने उभा राहिला होता. हे तो कधी लपवायचा नाही, पण कोणी त्याच्यासमोर बोललेलं त्याला खपायचंही नाही.

फोन आला तो दिवाळीनंतर, दिल्लीची हवा राखाडी होते त्या दिवसांत.

"सर, साकेत गद्रे बोलतोय. मूळचा कोथरूडचा, आता हरियाणात, मानेसरला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत एचआर बघतो. सर... तुम्ही तेच ना?"

"तोच," इंद्रजित म्हणाला आणि नकळत ताठ बसला.

"अरे यार! सॉरी सर. मी लहानपणी तुमच्यासाठी रविवारचा क्लास बुडवायचो. सर, आमच्याकडे सेफ्टी वीक आहे. वर्कर्सना नुसती भाषणं बोअर होतात. मी मॅनेजमेंटला म्हटलं, अभयवीरला बोलावू. तुम्ही ड्रेसमध्ये यायचं, चार शब्द बोलायचे, आणि एक छोटा व्हिडिओ. बस."

इंद्रजितने फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. वृंदाने चष्म्यावरून बघितलं.

"कारखान्याला सुरक्षितपणासाठी इंजिनियर लागतो. नट कशाला हवाय त्यांना?"

"लोकांना माझं ऐकावंसं वाटतं, वृंदा. अजूनही."

"तेच तर म्हणतेय मी," ती म्हणाली. पण त्याने ते मनावर घेतलं नाही. त्रिलोकपुरीच्या शिंप्याकडे तो दोनदा जाऊन आला. जुना अंगरखा पोटावर बसत नव्हता, म्हणून नवा शिवून घेतला. आरशासमोर उभं राहून पोट आत ओढत त्याने शेला नीट केला तेव्हा मुलगी क्षिप्रा, जी गुरुग्रामच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला होती, व्हिडिओ कॉलवर टाळ्या वाजवत होती. "बाबा, बिल्कुल तसेच दिसताय!"

कंपनीची गाडी सकाळी आली, साकेत स्वतः न्यायला आला होता. हवेत धूर इतका दाट होता की पुढच्या बसचे फक्त लाल दिवे दिसत होते. मानेसर आलं तशी रस्त्याकडेने माणसांची रांग दिसू लागली. शेअर ऑटोत कोंबलेली, कंपनीच्या बसमधून उतरणारी, एकाच रंगाच्या शर्टांतली तरुण माणसं. गेटवर त्यांचे मोबाइल जमा करून घेत होते. इंद्रजितने काच खाली करून हात केला. दोघांनी बघितलं, एकाने मान वळवली.

"शिफ्टचे थकलेले असतात सर," साकेत म्हणाला. तो चाळिशीकडे झुकलेला, गोरा, सतत हसणारा माणूस होता. फक्त हसताना तो समोरच्याकडे न बघता दाराकडे बघायचा.

आत शिरल्याबरोबर इंद्रजितला आवाजाआधी जमीन कळली. पायाखालची फरशी दर काही क्षणांनी दचकत होती. शेडच्या पलीकडून धाड्, मग उसासा, पुन्हा धाड्. पत्र्याचे तुकडे दाबून त्यांना आकार देणारी यंत्रं, पॉवर प्रेस म्हणतात त्यांना. एका बाजूला माणूस पत्रा ठेवतो, वरून कित्येक टनांचा ठोकळा येतो, माणूस हात मागे घेतो. पुन्हा पत्रा. इंद्रजित थोडा वेळ बघत राहिला. ठोकळा खाली यायचा वेग आणि हात मागे घ्यायचा वेग यांत फार अंतर नव्हतं.

कार्यक्रम कँटीनमागच्या मोकळ्या जागेत होता. सहाशे-सातशे माणसं जमिनीवर बसलेली, बाजूंना सुपरवायझर उभे. इंद्रजित स्टेजवर आला तेव्हा मागून शीर्षकसंगीत वाजलं आणि पहिल्यांदाच गर्दीत हालचाल झाली. काहीजण हसले. पस्तिशी-चाळिशीच्या माणसांच्या चेहऱ्यावर तो ओळखीचा, पोरकट आनंद उमटला. इतक्या वर्षांनी इतकी माणसं. तो बोलला, चांगलं बोलला, आणि शेवटी हात वर करून गरजला, "हाथ उठाओ!"

"डर भगाओ!" गर्दी ओरडली आणि हात वर झाले.

पुढच्याच ओळीत एका माणसाच्या वर केलेल्या हाताला तर्जनी नव्हती. त्याच्या मागे एकाचा पंजा मधूनच संपला होता. इंद्रजितला वाटलं, उन्हामुळे असं दिसत असेल. पण ऊन नव्हतंच. त्याची नजर ओळीओळीने मागे सरकली. दोन बोटांचा हात. अंगठा नसलेला हात. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला हात. चांगल्या हातांच्या रानात ते ठिकठिकाणी उभे होते, आणि त्यांचे मालक इतरांसारखेच हसत होते. एकालाही त्यात वेगळं काही वाटत नव्हतं, आणि इंद्रजित घाबरला तो त्या हसण्याला.

त्याला पुढचं वाक्य आठवेना. साकेतने माइक हातात घेतला आणि सगळ्यांना समोसे आहेत असं जाहीर केलं.

"हे काय आहे?" स्टेजवरून उतरताना इंद्रजितने विचारलं.

"जुन्या केसेस आहेत सर. बरेच जण दुसऱ्या कंपन्यांतून तसेच आलेत. म्हणून तर सेफ्टी वीक!"

व्हिडिओचं काम प्रेसच्या शेडमध्येच होतं. इंद्रजितबरोबर उभं राहायला एक कामगार निवडला होता, अवधेश, पस्तीस-छत्तिसाचा, उत्तर प्रदेशातल्या बांद्याकडचा. देखणा होता म्हणूनच निवडलेला. तो हळूच म्हणाला, "भैया, हमारे गाँव में टीवी नहीं था. आपको देखने नहर पार करके जाते थे." इंद्रजितने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

प्रसंग साधा होता. प्रेसच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना उभे दिवे असतात. त्यांच्या मधल्या जागेत हात आला की यंत्र जागच्या जागी थांबतं. अभयवीरने चालू यंत्रात हात घालायचा, ठोकळा वरच थांबणार, मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणायचं, "मशीन तुम्हारी दोस्त है. डरना है तो अपनी लापरवाही से डरो."

कॅमेरावाला भाड्याने आणलेला, बाहेरचा. तो म्हणाला, "सर, हाथ अंदर लीजिए, मशीन रुक जाएगी." इंद्रजितने नटाच्या जुन्या सवयीने हात ऐटीत पुढे केला.

अवधेशने त्याचं मनगट पकडून त्याला असं हिसडलं की दोघंही मागच्या पत्र्यांवर आदळले. त्याच क्षणी ठोकळा खाली आला. धाड्. मग उसासा.

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. इंद्रजितने यंत्राकडे नीट बघितलं. त्या दिव्यांवर तेलकट धुळीची पुटं चढली होती, आणि त्यांच्या वायरी सोडवून, गुंडाळी करून वर खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या.

"साकेत, हे बंद आहेत."

"मेंटेनन्सला काढलेत सर. आजचाच प्रॉब्लेम आहे." साकेतचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो हसतच होता. "आपण मशीन बंद करून शॉट घेऊ. आवाज नंतर टाकू. तुम्हाला काय सांगायचं, तुमची तर सगळी मालिकाच ट्रिकवर."

खरं होतं ते. नसलेली गोष्ट असल्यासारखी दाखवणं हाच इंद्रजितचा धंदा होता. आजूबाजूला माणसं खोळंबली होती, सुपरवायझर घड्याळ बघत होता, आणि आपण आता नाही म्हटलं तर एक म्हातारा नट रुसला एवढाच त्याचा अर्थ होईल असं त्याला वाटलं. त्याने मेलेल्या यंत्रात हात घातला आणि कॅमेऱ्याकडे बघून वाक्य म्हटलं. एका टेकमध्ये. निघताना त्याने अवधेशला आपला नंबर दिला. "कभी ज़रूरत पड़े तो फ़ोन करना."

घरी आल्यावर वृंदाने विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं," तो म्हणाला. शाल आणि नारळ टेबलावर ठेवून तो बराच वेळ नळाखाली हात धूत राहिला.

थंडी वाढली. कंपनीने व्हिडिओ पाठवला, तो त्याने एकदाच बघितला. आवाजाची जोड बेमालूम होती. ठोकळा खाली येता येता थांबतो असं कोणालाही वाटलं असतं. सोसायटीतल्या लोकांनी तो एकमेकांना पाठवला, लिफ्टमध्ये कौतुक केलं. इंद्रजित जिन्याने जाऊ लागला.

जानेवारीतल्या एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता, सपाट, रडून संपलेला.

"आप अभयवीर बोल रहे हैं? मैं राधा. अवधेश की घरवाली. उनका हाथ चला गया."

गुरुग्रामच्या दवाखान्यात अवधेश भिंतीकडे तोंड करून पडला होता. उजवा हात मनगटाच्या वर संपला होता. ज्या हाताने इंद्रजितचं मनगट पकडलं होतं तोच. इंद्रजित स्टुलावर बसला.

"वही मशीन?"

"वही," अवधेश म्हणाला. "दिवे तेव्हापासून लागलेच नाहीत" अशा अर्थाचं काहीतरी तो हिंदीत पुटपुटला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

राधा दाराबाहेर आली. ती लहानखुरी बाई होती, पदर घट्ट लपेटून उभी. "कंपनी के दो लोग आए थे. मोबाइल पर आपका वीडियो दिखाया. बोले, देखो, मशीन तो हाथ डालते ही रुकती है. अभयवीर ने खुद सिखाया, और ये बगल में खड़ा है. फिर हाथ कटा कैसे? इसने ही कुछ छेड़ा होगा." ती थांबली. "भैया, मशीन सच में रुकी थी?"

इंद्रजितने खाली बघितलं. "नहीं," तो म्हणाला. "बंद थी."

राधाने फक्त मान हलवली, आणि आत जाऊन नवऱ्याच्या पायांवर पांघरूण सारखं केलं.

चार दिवसांनी साकेत मयूर विहारला आला, बाकरवडीचा डबा घेऊन. सोफ्याच्या टोकावर बसला.

"सर, लेबर ऑफिसला तक्रार गेलीये. तुम्ही फक्त एवढं सांगायचं की ट्रेनिंग झालं होतं आणि सेन्सर तुमच्यासमोर चालले होते. रुटीन आहे."

"चालले नव्हते. तू तिथे होतास. तुझा चेहरा मी बघितला होता."

साकेतने डबा टेबलावर दोन बोटं पुढे सरकवला. "सर, मी तुमचा फॅन म्हणून बोलतोय, कंपनी म्हणून नाही. आमची वरची माणसं बोलून दाखवत नाहीत, करून मोकळी होतात. क्षिप्राताई गुरुग्रामला सायबर सिटीत आहेत ना? आमच्या ग्रुपचं बरंच काम त्यांच्याच कंपनीकडे जातं. सगळे एकमेकांना ओळखतात."

क्षिप्राचं नाव साकेतला कोणी सांगितलेलं नव्हतं.

वृंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हा घेऊन जा. आणि जाताना चप्पल बाहेरच घाला, घरात नको."

तो दारात थबकला. "वहिनी, माझी मुलगी पहिलीत आहे," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, जणू त्यातच सगळं आलं. मग तो गेला.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे फक्त कसलातरी लांबचा घरघराट. सोसायटीच्या गेटसमोर, पिंपळाखाली, एक पांढरी गाडी उभी राहू लागली. आत कोणी दिसायचं नाही, काचा काळ्या. गेटवरच्या वॉचमनने एका संध्याकाळी इंद्रजितला बाजूला घेतलं. "साहब, एक आदमी पूछ रहा था, आप टहलने कितने बजे निकलते हैं. मैंने कुछ नहीं बताया." इंद्रजितने फिरायला जाणं बंद केलं. मग बंद केल्याची त्याला लाज वाटली, आणि तो पुन्हा जाऊ लागला, पण मान सारखी मागे वळायची.

क्षिप्रा रविवारी घरी आली ती चिडूनच. "बाबा, प्लीज यार. तुम्ही एक व्हिडिओ केला, त्यांनी वापरला. तुमचा काय दोष? मॅनेजरने मला परवा केबिनमध्ये बोलावून विचारलं, फादर काय करतात म्हणून. तीन वर्षांत कधी विचारलं नव्हतं."

"मग काय करू, सांग."

"काहीच करू नका. तेच तर सांगतेय."

तिचे डोळे भरले होते. इंद्रजितला वाटलं, ही बरोबर बोलतेय. दोन दिवस त्याला तसंच वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी राधाने कळवलं की सुनावणी आहे, आणि अवधेश म्हणतोय, भैया येणार नसतील तर राहू द्या, त्यांना त्रास नको. त्या निरोपात तक्रारीचा सूर असता तर इंद्रजित कदाचित घरीच बसला असता. पण तो नव्हता. इंद्रजित कपडे घालून बाहेर आला तेव्हा वृंदा पर्स घेऊन दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मेट्रोने जाऊ. गाडीने नको."

लेबर ऑफिसची खोली लहान होती. अधिकारी थकलेला, गळ्यात मफलर. कंपनीचा वकील तरुण, अत्यंत नम्र. इंद्रजितने जे झालं ते सांगितलं: टांगलेल्या वायरी, बंद यंत्र, नंतर चिकटवलेला आवाज.

"मतलब आपने कैमरे के सामने झूठ बोला?" वकिलाने आदराने विचारलं.

"हाँ. बोला."

"और आज सच बोल रहे हैं, ये हम कैसे मानें, सर?"

मागे बसलेल्या अवधेशने खाली मान घातली. अधिकाऱ्याने पेन टेकवलं आणि कंटाळून म्हणाला, यंत्रच बघून येऊ.

प्रत्यक्षात जायला मात्र अकरा दिवस गेले. इंद्रजितला सोबत नेलं. शेडमध्ये शिरताच त्याला कळलं की आपण हरलो. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी दिवे लखलखत होते, हिरवे, नवेकोरे. फरशी धुतलेली, भिंतींना रंगाचा वास. कामगार हातमोजे घालून उभे, कोणी वर बघत नव्हतं.

"आइए, अभयवीर जी," वकील म्हणाला. "इस बार मशीन चालू है. हाथ डालिए."

सगळे थांबले. फरशी दचकत होती. इंद्रजितच्या डोळ्यांपुढे होता तो अवधेशचा हात, मनगटाच्या आधीच संपलेला. नाही म्हटलं असतं तर खोटा ठरला असता, हो म्हटलं तरी खोटाच ठरणार होता. त्याने हात पुढे केला, दिव्यांच्या मध्ये.

ठोकळा वरच थांबला.

अधिकाऱ्याने काहीतरी लिहिलं. वकिलाने मान तुकवली. इंद्रजितने हात मागे घेतला आणि उलटा-सुलटा करून बघितला. नवलाची गोष्ट म्हणजे हरल्याचं दुःख होण्याआधी त्याला बरं वाटलं. यंत्र थांबलं होतं. कोणाचाही हात असता तरी थांबलं असतं.

परतताना पत्रे वाहणारा एक कामगार त्याच्या शेजारून गेला. पावलं न थांबवता, ओठ न हलवता तो म्हणाला, "आप लोग गेट से निकलेंगे, ये लाइटें भी निकल जाएँगी. इनसे काम धीमा होता है, शाम को माल जाना है."

अहवालात कंपनीचा दोष आढळला नाही असं आलं. अवधेशच्या बाजूने उभ्या राहिलेल्या एका वकिलाने वरच्या कचेरीत अर्ज केला, तो अजून चालू आहे. दोन जुने कामगार साक्ष द्यायला तयार झाले. त्यांतला एक पुढच्या तारखेला आलाच नाही, आणि त्याची खोलीही रिकामी सापडली. शेजारी म्हणाले, गावाला गेला असेल. कुठल्या गावाला, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. अवधेश आणि राधा बांद्याला परतले. निघताना अवधेशने डावा हात पुढे केला, इंद्रजितने तो दोन्ही हातांत धरला, आणि स्टेशनवरच्या गर्दीत दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले.

क्षिप्राला कामावरून काढलं नाही. फक्त तिचं काम एकेक करून दुसऱ्यांकडे गेलं, आणि शेवटी तिनेच बंगळुरूची नोकरी धरली. निघताना ती बापाशी नीट बोलली नाही. विमानतळावरून मात्र तिने मेसेज केला, "काळजी घ्या. खरंच." साकेतचा फोन लागत नाही. त्याच्या जागी आलेल्या माणसाने इंद्रजितला नोटीस पाठवली की बदनामी थांबवावी, आणि अभयवीरच्या वेषातला तो व्हिडिओ हे कंपनीचं साहित्य असल्याने ते कुठे दाखवायचं हे कंपनीच ठरवेल. इंद्रजितने तो काढून टाका म्हणून तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये उन्हं कडक झाली. पांढरी गाडी दिसेनाशी झाली होती, पण इंद्रजित गेटबाहेर पडताना अजूनही पिंपळाखाली बघायचा. एका दुपारी वृंदा पेपर वाचत होती आणि तो संत्री सोलत बसला होता, तेव्हा फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडे तो घरघराट होता. इंद्रजित ठेवणारच होता, तेवढ्यात एक माणूस घाईघाईने बोलू लागला.

"अभयवीर भैया? हम बावल से बोल रहे हैं, मानेसर के आगे. दूसरी कंपनी है. यहाँ हर शिफ्ट से पहले आपका वीडियो चलता है, मशीन रुकने वाला. भैया, हमारी लाइट भी नहीं जलती. कल एक की चार उँगली..."

मागे धाड् असा आवाज झाला, मग उसासा. माणूस थांबला, कोणीतरी येतंय का ते बघत असावा.

वृंदाने पेपर खाली ठेवला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती. तिने मान हलवून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

इंद्रजितने हातातलं संत्रं बाजूला ठेवलं, पंच्याला बोटं पुसली.

"कंपनी का नाम बताओ," तो म्हणाला. "धीरे-धीरे. मैं सुन रहा हूँ."